तेलाचा बंदोबस्त

लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाला ऊन, हवा, ठिणगी काही लागू नये, म्हणून मी घरच्या वर्कशॉपमध्ये आंब्याच्या फळ्यांचं खास कपाट ठोकलं. त्याला कुलूप लावलं, शेजारी वाळूची बादली ठेवली. असा बंदोबस्त अख्ख्या यवतमाळात नसेल, हे आल्यागेल्याला मीच सांगायचो.

"आधी या कपाटालेच लावा ना ते तेल," बायको, रंजिता, म्हणाली.

"डबा उघडला का हवा लागते, तेल खराब होते. तुले नाही समजत त्यातलं."

पावसाळ्यानंतर कपाट उघडायला गेलो, तर कुलपासकट दारच हातात आलं. वाळवीनं फळ्यांचा पार भुगा केला होता. रंजिता कमरेवर हात ठेवून बघत होती.



मी भुग्यातून सीलबंद डबा उचलला, पुसला आणि तिला दाखवला. "पाह्य, तेलाले काही झालं काय?"