नैसर्गिक वागा

फोटोक्लबच्या प्रदर्शनातून बाबांचे फोटो दरवर्षी परत येतात. शेरा ठरलेला: माणसं ओळखपत्रासाठी बसल्यासारखी दिसतात. म्हणून यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तळ्यावर पोहोचल्या पोहोचल्या त्यांनी आम्हाला दम भरला, "कॅमेऱ्याकडे कुणी बघायचं नाही. मी इथे नाहीच, असं समजून वागा."

आईने मान डोलावली, तर तिच्यावरच खेकसले, "मान कुणाला डोलावतेस? मी नाहीये!"

मग आम्हीही मनापासून तसंच वागलो. त्यांच्या वाटणीचं आइस्क्रीम वितळायच्या आत आत्याने संपवलं. त्यांच्या खुर्चीवर मी पाय पसरून झोपलो. झुडपामागून "वा! क्या बात है!" असं ऐकू येत होतं, पण नसलेल्या माणसाला उत्तर कोण देणार? ऊन फारच चटकायला लागलं तेव्हा आम्ही सामान भरलं आणि आईने गाडी काढली.

अर्ध्या वाटेत आत्या म्हणाली, "आज गाडीत किती ऐसपैस वाटतंय, नाही?"

आईने करकचून ब्रेक दाबला.

परत आलो तेव्हा बाबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. आई चाचरत म्हणाली, "अहो, चुकलंच आमचं."

बाबांनी कॅमेरा पुढे केला. फोटोत धुरळा उडवत लांब निघालेली आमची गाडी होती आणि मागच्या काचेत आमची पाठमोरी डोकी.

 

"बघ," ते गहिवरून म्हणाले, "एकाचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही!"