एकट्याचं वजन

मानवतच्या गॅरेजात सिद्धोधन मिस्त्रीनं रुद्रेशच्या गाडीचे आरसे उतरवले, दिवे काढले, नंबरप्लेट काढली. शेवटी मागची सीट आणि तिचे दोन्ही फुटरेस्ट काढून पोत्यावर ठेवले. आता ही गाडी रस्त्याची राहिली नव्हती, फक्त रेसच्या ट्रॅकची झाली होती. रुद्रेशला तेच हवं होतं. बायको, शिवरंजनी, गेल्यापासून दोन वर्षं मागं कुणी बसलंच नव्हतं.

"बसा, भाऊ. मागचा शॉकअप तुमच्या एकट्याच्या वजनावर बसवायचाय."

रुद्रेश बसला. गाडी किती दबली ते बघायला सिद्धोधननं मागच्या चाकाच्या मध्यापासून वर शेपटापर्यंत टेप धरला, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"लय दबायली, भाऊ. दोघं बसल्यावानी."

त्यानं स्प्रिंग चांगली आवळली आणि पुन्हा मापलं. आकडा तोच आला.

"उतरा बरं जरा."

रुद्रेश उतरला. गाडी अर्धीच वर आली आणि तिथंच थांबली.

बाहेर भर दुपारचं ऊन होतं. सिद्धोधननं गाडीच्या मोकळ्या शेपटाकडं हात नेला, पण टेकवला नाही. तसाच मागं घेऊन तो पँटला पुसत राहिला. मग त्यानं पोत्याकडं पाहिलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "फुटरेस्ट परत लावू का?"

रुद्रेश पुन्हा गाडीवर बसला, आणि पूर्वी बसायचा तसा थोडा पुढं सरकला.