चौकीदारीण

"प्रोग्राममधली तुझी ती तपासणी काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर," साहेब म्हणाले.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक ओळ लाल झाली होती. शेजारी गोळ्या मोजून देणारं यंत्र मख्खपणे उभं होतं. हॉस्पिटलच्या मुख्य फार्मासिस्ट बाई अर्ध्या तासात ते बघायला येणार होत्या, आणि औषधांच्या चारशे बारा चिठ्ठ्यांपैकी एका चिठ्ठीवर ते अडून बसलं होतं.

"ते बरोबर अडलंय, साहेब," ती म्हणाली. "सकाळी दोन गोळ्या, संध्याकाळी एक. पण हॉस्पिटलकडून हे आकडे म्हणून आलेले नाहीत, मजकूर म्हणून आलेत. मजकुराची बेरीज होत नाही. दोनपुढे एक चिकटतो. तीनच्या जागी एकवीस गोळ्या पडतील."

"प्रोग्राममध्ये वरच लिहिलंय ना आपण, इथे आकडाच येईल म्हणून?"

"ते आपण लिहिलंय. पाठवणाऱ्याने कुठे वाचलंय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

"ऐकलंत? आमच्या चौकीदारीणबाई! दारात खुर्ची टाकून बसल्यात. सख्खी आई आली तरी ओळखपत्र मागतील."

हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तीन महिन्यांत ते ऑफिसभर झालं होतं. तिच्या चहाच्या कपावरही कुणीतरी ते चिकटवलं होतं. ती त्याच कपातून चहा प्यायची.

"त्या हॉस्पिटलला मी दहा वर्षं ओळखतो," साहेब टेबलावर वाकले. "आकडेच पाठवतात ते. माझा शब्द आहे. आता काढतेस, की सोमवारपासून घरी बसतेस?"

वडील अंथरुणाला खिळल्यापासून घर तिच्याच पगारावर चाललं होतं.

"मी नाही काढणार," ती म्हणाली. "तुमची खात्री आहे ना, मग तुमच्या कार्डाने तुम्हीच काढा. बदल करणाऱ्याचं नाव विचारेल, तेवढं टाका. उद्या कुणाच्या हातात एकवीस गोळ्या पडल्या, तर हॉस्पिटल तेच नाव शोधेल."

"काढतो! त्यात काय मोठंसं?"

यंत्राच्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्यांनी खसकन ओढली. कार्ड खुपसलं. तपासणीच्या सगळ्या ओळी एका फटक्यात पुसल्या. मग पडद्यावर एक रिकामी चौकट उघडली: बदल करणाऱ्याचं नाव.

खडखडणारी बोटं थांबली.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. सगळ्यांनी माना आपापल्या कामात खुपसल्या होत्या. तिचीही मान खाली होती. त्यांनी कपाळ पुसलं आणि घाईघाईने नाव टाकलं. भिंतीवरचा मोठा पडदा याच कॉम्प्युटरला जोडलेला आहे, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

खोलीतल्या माना एकेक करून वर झाल्या. भिंतीवर हातभर उंचीची अक्षरं उमटली होती. तीन महिन्यांत पहिल्यांदाच साहेबांनी तिचं खरं नाव वापरलं होतं.

क्षणभराने त्याखाली लाल ओळ आली: 'नाव आणि कार्ड जुळत नाहीत. बदल नामंजूर.'