पाचव्या मजल्यावरची टोपली

टोपली खाली आली आणि अख्खी गल्ली दुसरीकडे बघायला लागली.

पाचव्या मजल्यावरून म्हाताऱ्या सित्त तफीदाने रोजच्यासारखी दोरी सोडली होती. टोपलीला बांधलेली घंटी फंगरी वाण्याच्या दुकानासमोर किणकिणली. एरवी फंगरी हातातलं काम टाकून धावायचा, चिठ्ठी उचलायचा, रोट्या आणि पांढरं चीज भरून टोपली वर पाठवायचा. आज तो पाठमोरा होऊन साबणाच्या वड्या रचत बसला. समोरचा इस्त्रीवाला मुतवल्ली एकाच सदऱ्यावर तिसऱ्यांदा इस्त्री फिरवत होता.

काहवाखान्याच्या दारात बसलेल्या वजीह उस्तादांचा चहा हातातच निवला. काल दुपारीही असंच झालं होतं. टोपली अर्धा तास लोंबकळली आणि जशीच्या तशी वर गेली. काल त्यांना वाटलं, वाण्याचं आणि म्हातारीचं काही बिनसलं असेल. आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घाबरलेत लेकाचे! माझ्या गोष्टीला घाबरलेत!

गोष्ट शनिवारच्या साप्ताहिकात आली होती. वजीह उस्तादांनी कैरोच्या एका स्टुडिओत चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पटकथा टाइप केल्या. 'वजीह सनद' या नावाने स्वतःचं असं छापून आलं ते हे पहिलंच, तेही पासष्टाव्या वर्षी. भयकथा, पण लिहिली पटकथेच्याच थाटात, दृश्यांचे मथळे आणि कंसातल्या सूचनांसकट, कारण दुसरं काही त्यांच्या हाताला वळतच नव्हतं. मेलेली एक म्हातारी रोज दुपारी टोपली सोडते. टोपलीत चिठ्ठी असते. जो ती उघडेल त्याला आत स्वतःचंच नाव दिसतं, आणि त्याचा खेळ खलास. शेवटच्या दृश्यात गल्ली दारं लावून घेते आणि टोपली तशीच लोंबकळत राहते.

"उस्ताद, असली तऱ्हा आम्ही पहिल्यांदाच छापतोय," संपादकबाईंनी बजावलं होतं. "वाचून घाबरलो असं सांगणारं एक तरी पत्र गुरुवारपर्यंत येऊ द्या. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून ते पान पाककृतींना."

रविवार-सोमवार गल्लीने उस्तादांची पार सालटी काढली. फंगरी म्हणाला, "दर चार ओळींनी 'आत, जिना, दुपार'! आता जिना काय घराबाहेर असतो होय?" मुतवल्लीचं दुखणं वेगळंच. "तो इस्त्रीवाला म्हणजे मीच ना? मग मला एकच वाक्य? आणि वाण्याला नऊ!" काहवाखान्याच्या मालकाने तर कंसातल्या सूचनाच मोठमोठ्याने वाचून दाखवल्या. 'थरथरत.' 'मागे सरकत.' 'घाम पुसत.' लोक पोट धरधरून हसले. घाबरणं राहिलं बाजूला. उस्तादही कसंनुसं हसले होते, आणि घरी जाऊन जेवले नव्हते.

आता मात्र ते ताडकन उठले.

"फंगरी, म्हातारीची चिठ्ठी घे की!"

"पाठीत उसण भरलीय, उस्ताद. वाकताच येत नाही."

"मुतवल्ली, मग तू घे."

"इस्त्री तापलीय माझी. आणि टोपली हे वाण्याचं काम. त्याला नऊ वाक्यं आहेत ना!"

"तू घाबरलायस."

"मी? हॅ!"

"अरे बाबा, घाबरलो एवढंच लिहून दे. दोन ओळी. उद्या गुरुवार आहे. पाया पडतो हवं तर."

"लिहून? सहीनिशी?" मुतवल्लीने जीभ चावली. "बायको वाचेल ना माझी!"

उस्तादांना हसावं की रडावं कळेना. अख्खी गल्ली भ्यायलेली, आणि कागदावर कबूल करायला एक जण तयार नाही! इतक्यात वर कुणीतरी दोरी हलवली. घंटी पुन्हा वाजली, अगदी हळू.

उस्तादांच्या काळजात चर्र झालं. म्हातारीचे गुडघे गेलेले, हाक पाचव्या मजल्यावरून खाली पोचत नाही. काल तिच्या घरात भाकरतुकडा गेला नव्हता, आणि तो आपल्या गोष्टीपायी. कसलं पत्र आणि कसलं काय! ते तरातरा टोपलीपाशी गेले. आपणच लिहिलंय, आपल्याला कसली भीती, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण हात थरथरत होता, अगदी कंसात लिहिल्यासारखा.

टोपलीत वाण्यासाठी दोन ओळींची चिठ्ठी होती: 'चार रोट्या, चीज. सोबतचा कागद पोस्टात टाक.' खाली वहीचा घडी घातलेला कागद. उस्तादांनी तो उलगडला. पहिलेच दोन शब्द होते: 'वजीह सनद'.

त्यांनी टोपलीचा काठ घट्ट धरला.

"नाव आहे का हो?" फंगरी दाराआडून किंचाळला.

"आहे. माझंच."

मुतवल्लीने इस्त्री उचलून ढालीसारखी पुढे धरली. उस्तादांनी कसाबसा धीर केला आणि पुढची ओळ वाचली. मग त्याच्या पुढची. त्यांचे डोळे भरून आले.

"या रे, या इकडे," ते म्हणाले. "संपादकांना पत्र आहे. खाली तारीख सोमवारची."

एकेक जण चोरट्या पावलांनी जवळ आला. उस्ताद मोठ्याने वाचू लागले.

'वजीह सनद यांची गोष्ट वाचली. त्यांनी जिना असा दाखवला की पाच वर्षांत उतरले नाही तो आमचा जिना मी पायरी पायरीने उतरून आले. फार भ्याले. दिवा जळता ठेवून झोपले. अशा गोष्टी आणखी छापा. फक्त एक चूक त्यांना सुधारायला सांगा. शेवटी टोपली तशीच लोंबकळत राहते, हे कुणाला पटणार नाही. आमच्या गल्लीत असं कधी होत नाही.'