हसरं पाकट

मासळीबाजारात चांगुणाबायनं सुपाएवढा चपटा मासा, पाकट, फळीवर पालथाच आपटला. मातकट पाठ, पाठीवरच बटबटीत डोळे, शेपटीला काटे. समोरची अनोळखी बाई दचकून मागे सरकली.

"चावत नाही गं, मेलंय ते. घ्यायचंय की नुसतं बघायचंय?"

"घ्यायचंय, मावशी. शेजारी बाळंतीण आहे, तिच्या अंगावर दूध यायला. पण जरा उताणं करा. हसरं असलं तरच आण, म्हणालीये."

चांगुणाबायचा कोयता हवेतच राहिला.

पोटाकडून पाकट पांढरंफेक असतं. दोन नाकपुड्या डोळ्यांसारख्या आणि त्याखाली वाकडं तोंड, जसं तान्हं पोर हसतंय. बाजारात हे कोण बघतंय? बघायची ती एकटी तिची लेक. टोपलीतलं एकेक पाकट उलटं करून सांगायची, "आये, हे रडकं, हे हसरं." तीच लेक आपल्या मर्जीनं लग्न करून गेली, तेव्हा चांगुणाबायनं तिला दार बंद केलं. त्यानंतर एकही पाकट तिनं उताणं केलं नव्हतं.

आता हळूच केलं. हसरंच होतं.

"मुलगा की मुलगी?" तिनं माशालाच विचारल्यासारखं विचारलं.

"मुलगी झालीये."

चांगुणाबायचे डोळे भरून आले, पण माशानं भरलेल्या हातांनी पुसणार कसे?

"तिला मेलीला शिजवता कुठं येतंय? आलं-लसणीला हात आखडेल, घरभर वास सुटेल," म्हणत तिनं पाकट टोपलीत घातलं आणि टोपली डोक्यावर घेतली. "चल, घर दाखव."