मापं कोण बदलतं?

घरी शिवणकाम करणाऱ्या सासूबाईंना दाट संशय होता, की त्यांनी कॉम्प्युटरवर लिहिलेली गिऱ्हाइकांची मापं सून गुपचूप बदलते.

“तीस वर्षांत माझं एक माप चुकलं नाही,” त्या मुलाला म्हणाल्या. “कुणी काय बदललं ते नावासकट दाखवणारं सॉफ्टवेअर आण. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे!”

तीन सॉफ्टवेअरांना नाकं मुरडून झाली, चौथं पसंत पडलं. आठवड्याने त्यांनी सुनेसमोरच बदलांची यादी उघडायला लावली. पहिलीच ओळ सुनेच्या नावावर होती: सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक, छाती आधी ४२, नंतर २४. खाली अशाच आणखी अकरा ओळी.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला.

“बंद कर ते. असलं चोंबडं सॉफ्टवेअर घरात नको!”