पितळी कुलपाचं गिऱ्हाईक

"आजोबा, त्याला अजून एक फोटो हवाय."

आजोबांनी हातातली कानस खाली ठेवली. सकाळपासूनची ही तिसरी मागणी. नात दुकानाच्या उंबऱ्यावर एका पायावर उभी राहून फोन नाचवत होती. एका जागी ती कधी टिकत नसे, म्हणून आजोबा तिला खारूताई म्हणत.

कुलूप विकायला काढायची कल्पना तिचीच. आजोबांनी उमेदवारीच्या दिवसांत स्वतः घडवलेलं ते पितळी कुलूप. चावी दोनदा उलटी आणि एकदा सुलटी फिरवल्याशिवाय ते उघडत नसे. वर्षानुवर्षं खणात पडून होतं. खारूताईने काल ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं, फोटो काढला आणि विक्रीच्या ॲपवर टाकला. आज सकाळी दात घासत असतानाच तिला दिसलं, की गिऱ्हाईक लागलंय. मागितलेली किंमत कबूल, घासाघीस नाही. तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि खरं सांगायचं तर आजोबांचेही.

पहिल्यांदा त्या माणसाला जास्त उजेडातला फोटो हवा होता. मग त्याने मापासाठी शेजारी पट्टी उभी लावायला सांगितली. आता त्याला पट्टी तशीच ठेवून कुलपाची उजवी कड बघायची होती.

"जाणकार दिसतोय," आजोबा म्हणाले. "कुलपाची झीज कडेलाच कळते. काढ."

खारूताई स्टुलावर चढली. कुलपाशेजारच्या खिळ्यावर सराफाची चावी लोंबत होती, लाल दोरा आणि पेढीच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. मागच्या दाराची एक जादा चावी करून ठेवा, असं सांगून सराफ सहकुटुंब परगावी गेला होता. रविवारी परतणार होता. खारूताईने ती बाजूला करायला हात पुढे केला.

"तिला नको हात लावूस," आजोबा म्हणाले. "कालचं तेल अजून निथळतंय, म्हणून बाहेर टांगलीय. तेलकट बोटं पितळाला लागली तर डाग पडेल."

फोटो गेला. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. बाहेर चाललेल्या गोंधळाचं कारण त्यांनी विचारलं आणि लेकीने एका दमात सगळं सांगितलं. सूनबाईंनी फोन हातात घेतला. त्या माणसाचं खातं परवाच उघडलेलं होतं. त्याचा स्वतःचा फोटो नव्हता. पैसे आधी पाठवणार नव्हता. संध्याकाळी एक माणूस येईल, तो पैसे देऊन कुलूप घेऊन जाईल, असं त्याने लिहिलं होतं.

"रद्द करा," सूनबाई म्हणाल्या. "येणारा माणूस खोटी पावती दाखवेल आणि कुलूप घेऊन पसार होईल. तुम्ही दोघं बसा मग भिंतीकडे बघत."

"आई, तुला सगळेच चोर वाटतात."

"वाटणारच. माझ्या घरातच एक आहे. मागच्या सुट्टीत माझ्या कपाटाच्या चावीचं नुसतं चित्र बघून कुणी चावी कापली? आणि लागली पण, मेली."

आजोबा मिशीतल्या मिशीत हसले. ते शिक्षण त्यांचंच होतं. चावी म्हणजे दात्यांचा डोंगर, ते तिला सांगत. माप ठाऊक असलं आणि डोंगर नीट दिसला, की कानस उरलेलं काम करते. आणि त्याच दमात ते दुकानाचा नियमही सांगत, "दाखवलेली चावी म्हणजे दिलेली चावी." म्हणून गिऱ्हाइकांच्या चाव्या ते झाकणाच्या डब्यात ठेवत. चाळीस वर्षांत या दुकानातून एकही चावी भलत्या हाती गेली नव्हती. त्या एका गोष्टीवर दुकान उभं होतं.

पण आता प्रश्न कुलपाचा होता. विकावं की रद्द करावं? पहिलंच गिऱ्हाईक हातचं घालवायला खारूताईचा जीव होत नव्हता. तारुण्यात घडवलेली वस्तू भामट्याच्या हाती द्यायला आजोबांचा होत नव्हता. आजोबांनी चहाचा घोट घेतला आणि नेहमीसारखं उत्तर न देता प्रश्न विचारला.

"खारूताई, कुलूप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी काय विचारतं?"

ती विचारात पडली. मग तिचे डोळे मोठे झाले. "चावी आहे का!"

"तू जाहिरातीत लिहिलं होतंस?"

"नाही, विसरले." तिने सगळे निरोप वरपासून खालपर्यंत वाचले. "आजोबा, त्याने एकदाही नाही विचारलं."

"मग त्याला कुलूप नकोच आहे."

स्वतःच्या तर्काने आजोबा असे खूश झाले, की त्यांनी नातीची पाठ दोनदा थोपटली. खारूताईने श्वास रोखून 'रद्द करा' दाबलं. आता तो चिडेल, शिव्या देईल, म्हणून तिघंही पडद्यावर वाकून बसली.

उत्तर लगेच आलं. 'काही हरकत नाही. फोटो छान आलेत. आभार.'

"बघा, उगाच बिचाऱ्यावर संशय घेतला," खारूताई हिरमुसून म्हणाली. "किती चांगलं बोलला."

सूनबाई कप उचलून आत गेल्या. आजोबांनी कानस हातात घेतली, पण चालवली नाही. गिऱ्हाइकाला वस्तू मिळाली नाही, तरी त्याने आभार मानले. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

"शेवटचा फोटो दाखव गं. जरा मोठा कर."

त्यांनी चष्मा पुसून लावला. कुलूप डाव्या कडेला अर्धं कापलं गेलं होतं. मधोमध पट्टी उभी होती, आणि तिला खेटून लाल दोऱ्याची चावी, एकेक दाता मोजता येईल इतकी स्वच्छ.